खुब्याच्या सांध्याचे रोपण : शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि जपून ठेवायचा कागद

कर्जत, पळसदरी, खोपोली या पट्ट्यात आजाऱ्यांच्या भेटीस गेले असता एक प्रश्न अलीकडे वारंवार आमच्या कानी पडतो : “फादर, आईचा खुबा बदलावा लागेल असे डॉक्टर म्हणतात. पुढे ती चालेल ना?” विचारणाऱ्याच्या मनात शस्त्रक्रियेची भीती असते, खर्चाची चिंता असते आणि शेजारच्या गावातील कोणाचा तरी पाय ऑपरेशनने बिघडल्याची ऐकीव गोष्टही असते. शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा निर्णय डॉक्टरांचा व कुटुंबाचा आहे. त्यात आम्ही पडणार नाही. शस्त्रक्रियेनंतर पायात बळ कसे परत येते, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास कोणत्या कागदाच्या आधारे पुढची वाट सापडते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरते, म्हणून आपण चालतो, वाकतो, मांडी घालतो, उकिडवे बसतो. रोपणात झिजलेले किंवा मोडलेले डोके काढून त्या जागी धातूचा दांडा व त्यावर धातूचा अथवा सिरॅमिकचा गोळा बसवितात. वाटीच्या जागी बहुधा प्लास्टिकचे अस्तर असलेली नवी वाटी येते. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडाची मान पडल्याने मोडली असेल, तर पुष्कळदा केवळ गोळा बदलतात आणि मूळची वाटी तशीच ठेवतात. यास अर्धे रोपण म्हणतात.

हा केवळ म्हातारपणाचा विकार आहे, अशी समजूत मात्र खरी नव्हे. आपल्या देशात चाळिशीच्या आतील अनेकांवर ही शस्त्रक्रिया करावी लागते. डोक्याचा रक्तपुरवठा आटून ते हाड मरते. त्याला डॉक्टर ‘ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार आणि अतिरिक्त मद्यपान ही त्याची ठाऊक असलेली कारणे आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या काही तरुण रुग्णांमध्ये हा विकार आढळल्याचे कळविले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली. मद्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. दारूने यकृत बिघडते हे सर्वांस ठाऊक असते. खुबा जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रोपणानंतर माणूस किती लवकर पूर्ववत होतो, याविषयी नातेवाइकांच्या अपेक्षा दोन टोकांच्या असतात. काहींना वाटते की आई आता अंथरुणालाच खिळली. काहींना वाटते की महिन्याभरात ती पुन्हा शेतावर जाईल. या दोहोंच्या मध्ये खरे काय असते, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पोप जॉन पॉल दुसरे २८ एप्रिल १९९४ च्या रात्री स्नानगृहात पडले आणि त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भाग बसविण्यात आला. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. तरुणपणी डोंगर चढणारे, बर्फावर स्कीइंग करणारे. जवळजवळ चार आठवडे ते रुग्णालयात राहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील त्यांचा अमेरिकेचा दौरा पाय पुरेसा सावरला नाही म्हणून पुढे ढकलावा लागला. तो १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. हातात आलेली काठी पुढे सुटली नाही, आणि कालांतराने इतर व्याधींचीही त्यात भर पडली. तरीही त्या काठीनिशी त्यांनी कितीतरी देश पाहिले. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ते दिल्लीसही येऊन गेले. उत्तम रुग्णालय आणि उत्तम डॉक्टर असताना त्यांना एवढा काळ लागला, तर पळसदरीच्या घरातील सत्तरीच्या आईला तीन-चार महिने लागले, म्हणून शस्त्रक्रिया फसली असे मानण्याचे कारण नाही.

सर्वसाधारण क्रम असा असतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करतात. नातेवाइकांना यात निर्दयपणा दिसतो. पण पडून राहण्यात धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टर घाई करतात. तीन ते सहा आठवडे वॉकर, मग काठी. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तपासणी व एक्स-रे. तीन महिन्यांत बहुतेकांना घरातील कामे जमू लागतात; खुब्याभोवतालच्या स्नायूंत पुरते बळ यावयास मात्र वर्षही लागते. हे स्नायू दुबळे राहिले तर चालताना कंबर एका बाजूला झुकते आणि माणूस हेलकावे खात चालतो. सांधा उत्तम बसलेला असतो, एक्स-रे निर्दोष असतो, तरी चाल सुधारत नाही. अशा वेळी दोष बहुधा सोडून दिलेल्या व्यायामाचा असतो. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट दोन-तीन व्यायाम शिकवितो. घरी आल्यावर पंधरा दिवसांत ते बंद पडतात, कारण खोपोलीच्या गाडीतून आठवड्यातून दोनदा कर्जतला जाणे घरच्यांना परवडत नाही. म्हणून निरोप मिळण्यापूर्वी ते व्यायाम मुलाने किंवा सुनेने स्वतः करून पाहावेत आणि मोबाइलवर चित्रित करून घ्यावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. घरात त्यासाठी भिंत आणि एक भक्कम खुर्ची पुरते.

आता आपल्या घरांचा प्रश्न. या शस्त्रक्रियेची बहुतेक पुस्तके पाश्चात्त्य देशांत लिहिली गेली. तेथे माणूस खुर्चीवर बसतो, पलंगावर निजतो. आपल्याकडील बाई विळीवर भाजी चिरते, चुलीपुढे पाटावर बसते, भाताच्या लावणीत दिवसभर कमरेत वाकते आणि शौचास उकिडवी बसते. खुबा पाठीमागील बाजूने उघडून शस्त्रक्रिया केली असेल, तर पहिले काही आठवडे गुडघा कमरेच्या वर येईल असे वाकणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आतल्या बाजूस वळविणे ही तीनही कृत्ये वर्ज्य असतात. त्यांनी गोळा वाटीतून निसटू शकतो. समोरील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास पथ्ये वेगळी असतात, म्हणून शेजारणीला सांगितलेले पथ्य आपल्याला जसेच्या तसे लागू करू नये. कोणत्या बाजूने शस्त्रक्रिया झाली, हे आपल्याच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

या पथ्यांसाठी घरात मोठा खर्च लागत नाही. तयारी मात्र रुग्ण घरी येण्याआधी हवी. खाट उंच करावी, पायांखाली लाकडी ठोकळे देऊन केली तरी चालते. कुशीवर निजताना दोन्ही पायांमध्ये उशी असावी. भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवता येईल अशी भोक असलेली कमोड खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. न्हाणीत पाय घसरणार नाही अशी चटई आणि भिंतीला पक्की दांडी हवी. आमच्या मते या सगळ्यांत दांडीचे महत्त्व सर्वांत मोठे, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच नसते. या भागात चार महिने पाऊस कोसळत असतो, अंगणातील फरशीवर शेवाळ साचते. पर्यटकांना धबधबे दिसतात, म्हाताऱ्या माणसाला ओली पायरी दिसते. रोपण झालेल्या खुब्याखालचे हाड पडल्याने मोडले, तर ती दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड असते.

मांडी घालून बसता येईल का, असा प्रश्न हमखास येतो. काही रुग्णांना पुढे येते, काही शल्यविशारद त्यास अनुमती देतात, काही देत नाहीत. ते बसविलेल्या सांध्यावर आणि स्नायूंवर अवलंबून असते. चर्चमध्ये गुडघे टेकण्याविषयीही आम्हांस विचारतात. पहिले तीन महिने तरी बाकावर बसूनच मिस्सात सहभागी व्हावे; त्यात कोणताही अनादर नाही. कडेची जागा घ्यावी, म्हणजे पाय किंचित बाहेर ठेवता येतो आणि आत-बाहेर होताना दुसऱ्यांच्या गुडघ्यांना अडखळावे लागत नाही. पुढे डॉक्टरांनी होकार दिला, की आधी शस्त्रक्रिया झालेल्या पायाचा गुडघा टेकावा आणि उठताना चांगल्या पायावर भार द्यावा. आणखी एक प्रश्न लोक लाजेने विचारतच नाहीत : दांपत्यजीवनाचा. सहा आठवड्यांच्या सुमारास बहुतेकांना त्यास अनुमती मिळते. कोणती ठेवण टाळावी, हे डॉक्टरांना खुशाल विचारावे. चाळिशीच्या रुग्णाच्या दृष्टीने तो क्षुल्लक विषय नसतो.

गुंतागुंत कोणती होऊ शकते, ते आता पाहू. पहिल्या आठवड्यांत भीती असते ती पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. ती गुठळी फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, आणि तेव्हा एक तासही दवडता येत नाही. यासाठीच रक्त पातळ ठेवणारे औषध काही आठवडे देतात. “आता बरे वाटते” म्हणून ते मध्येच सोडणारे अनेक जण आढळतात. दुसरी भीती जंतुसंसर्गाची. शंभरात साधारण एकाला तो होतो. ताप येतो, जखम लाल होते, तीतून पाणी किंवा पू झिरपतो. घरच्या घरी हळद दाबून किंवा उरलेल्या गोळ्या देऊन हा संसर्ग झाकू नये, कारण धातूवर बसलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत. वेळ गेल्यास सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर धोका वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी साखर ठीक होईपर्यंत डॉक्टर थांबावयास सांगतात. त्यास टाळाटाळ समजू नये.

तिसरी गुंतागुंत म्हणजे सांधा निखळणे. एकदम कळ येते, पाय आखूड व वळलेला दिसतो, उभे राहता येत नाही. येथे आम्हांस एक स्पष्ट गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या भागात हाडवैद्याकडे जाण्याची जुनी रीत आहे आणि मुरगळलेल्या मनगटासाठी कोणी गेला तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु रोपण केलेला खुबा कोणाकडूनही ओढून घेऊ नये, चोळून घेऊ नये. ओढताना हाड मोडल्यास पुन्हा मोठी शस्त्रक्रिया येते. रुग्णाला न हलविता, पायांमध्ये उशी देऊन, आहे त्या स्थितीत रुग्णवाहिकेतून न्यावे. १०८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

याशिवाय दोन्ही पायांच्या लांबीत थोडा फरक पडू शकतो. सुरुवातीला वाटणारा फरक पुष्कळदा स्नायू आखडल्यामुळे असतो आणि काही महिन्यांत कमी होतो. उरलाच तर चपलेला टाच लावून भागते. क्वचित मज्जातंतूला ताण बसून पाऊल उचलता येत नाही. तेही बहुधा सावकाश सुधारते, पण त्याची नोंद डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी करावयास हवी.

उशिरा येणाऱ्या दोषांची गोष्ट निराळी आहे आणि या लेखाचे मूळ कारणही तेच. कृत्रिम सांधा झिजतो, सैल होतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. १५ वर्षे टिकणाऱ्यांचे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात आहे. हे आकडे समाधानकारक आहेत. पण आपला सांधा त्या उरलेल्यांपैकी आहे की काय, हे कसे कळावे?

आधुनिक रोपणाचे जनक म्हणून सर जॉन चार्नली यांचे नाव घेतले जाते. इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयात काम करणाऱ्या या शल्यविशारदाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. सुमारे ३०० रुग्णांत ते बसविल्यानंतर काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून चुरा झाल्याचे आढळले. चार्नली यांना आपले रुग्ण कोण व कोठे आहेत हे ठाऊक होते. त्यांनी त्यांना परत बोलावून निकामी सांधे काढले. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलिनची वाटी वापरली आणि तीच पुढे जगभर रूढ झाली. मृत्यूनंतर आपला सांधा अभ्यासासाठी काढू द्यावा, अशी विनंतीही ते रुग्णांना करीत असत.

याच्या अगदी उलट घडले ते ‘एएसआर’ या सांध्याच्या बाबतीत, आणि त्यात आपला देश व आपले राज्य येते. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या डेप्यू विभागाने बनविलेल्या या सांध्यात गोळा धातूचा आणि वाटीही धातूची होती. तरुण व हालचाल करणाऱ्या रुग्णांसाठी तो अधिक टिकाऊ ठरेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण भोवतालच्या मांसात आणि रक्तात उतरत. मांस कुजे, गाठ होई, जांघेत दुखे. काही रुग्णांत रक्तातील कोबाल्ट वाढून दृष्टी, श्रवण व हृदय यांवरही परिणाम झाल्याचे नोंदले गेले. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ मध्ये तो बाजारातून काढण्यात आला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून दिसले की पाच वर्षांच्या आत १२ ते १३ टक्के रुग्णांचा सांधा पुन्हा बदलावा लागला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. तोवर जगात सुमारे ९३,००० सांधे विकले गेले होते, त्यांतील सुमारे ४,७०० भारतात.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाची दखल घेतली, पोलिसांत तक्रार दिली आणि तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे पाठपुरावा केला. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरविण्यात आले. कंपनीने ते न्यायालयात आव्हानित केले, आणि मे २०१९ मध्ये पुनःशस्त्रक्रिया झालेल्या ६७ पडताळलेल्या रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दिल्ली उच्च न्यायालयात दर्शविली.

वाचकहो, रकमांपेक्षा दुसरा एक आकडा पाहा. ४,७०० पैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. कोणाच्या शरीरात कोणता सांधा आहे, याची नोंद हाती नव्हती. पत्ते बदललेले, केसपेपर हरवलेले. अनेकांना आपल्यात ‘एएसआर’ आहे हेच ठाऊक नव्हते. जांघेतील दुखणे त्यांनी वय म्हणून, थंडी म्हणून सोसले असेल. स्वीडनमध्ये १९७९ पासून, ऑस्ट्रेलियात १९९९ पासून आणि इंग्लंडमध्ये २००३ पासून प्रत्येक रोपणाची राष्ट्रीय नोंद होते. म्हणूनच तेथे दोष लवकर उघड झाला. आपल्याकडील हाडांच्या शल्यविशारदांची नोंदवही ऐच्छिक राहिली. यात शासनाने कोणाची वाट पाहावी हे आम्हांस कळत नाही.

तोवर ती नोंद घरात ठेवणे आपल्या हाती आहे. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यावर चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनीचे नाव, सांध्याचा प्रकार, आकार, कॅटलॉग क्रमांक व लॉट क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियागृहात त्यांतील एक रुग्णाच्या कागदपत्रांवर लावतात. निरोपाच्या दिवशी त्या पट्टीची प्रत मागून घ्यावी. बिलावर केवळ ‘इम्प्लांट’ असे लिहिले असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेचा दिनांक, बाजू, शल्यविशारदाचे नाव आणि ही पट्टी यांचे छायाचित्र मुलाच्या व मुलीच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्यावे. मूळ कागद बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ठेवावा, तो कोणी हरवीत नाही. शासकीय योजनेतून शस्त्रक्रिया झाली तरीही ही पट्टी मागण्याचा आपला हक्क कमी होत नाही. २ जुलै २०१२ रोजी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, हे तेथील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

ज्यांची शस्त्रक्रिया २००४ ते २०१० या काळात झाली आणि कोणता सांधा बसविला हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी जुन्या रुग्णालयातून कागद मागवावेत. ते न मिळाल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडून नवा एक्स-रे काढावा. धातूची वाटी अनुभवी डोळ्याला बहुधा ओळखता येते. शंका आल्यास रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमची तपासणी करतात. ब्रिटिश नियामकांनी दर लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावध होण्याची पातळी मानली होती. दुखत नसले तरी तपासणी करावी, कारण काही रुग्णांत गाठ वेदनेविना वाढते. आणि दंतवैद्याकडे दात काढावयास गेलात, तर खुर्चीत बसण्यापूर्वीच खुब्याचे रोपण झाल्याचे सांगावे.